पाहुण्याची पहिली चाल

अकोल्याच्या त्या माणसाला मी तुच्छ मानत आलो आहे. असं सरळ लिहिलं की बरं वाटत नाही, पण दुसरा कुठलाही शब्द खोटा ठरेल. मी अमरावतीला राजापेठेत लोकांचे दात काढतो, तो अकोल्याला लग्नाचं लॉन चालवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी आम्ही दोघं टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडून लढाई खेळतो. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, चष्मेवाले. कोणी विचारलं तर मी सांगतो की हा इतिहासाचा अभ्यास आहे. तो सांगतो, "बाहुले खेळतो." त्याच्या या उत्तराचाही मला राग येतो.

खेळ तसा समजायला सोपा आहे. टेबलावर टेकडी, नदी, गाव मांडायचं. दोन्ही बाजूंनी सैन्य. कुठली पलटण किती इंच चालणार हे पुस्तकात दिलेलं असतं, ते टेपने मोजायचं. गोळी लागली की चुकली हे फासे टाकून ठरवायचं. बुद्धिबळासारखं म्हणा, पण पटावर घरं नाहीत आणि प्यादी आपणच जोडायची, आपणच रंगवायची. आमच्या लढाया दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या. माझं सैन्य ऑस्ट्रियाचं, त्याचं फ्रान्सचं.

माझे सैनिक बघण्यासारखे आहेत. हे मी गर्वाने सांगतो आणि सांगताना लाजही वाटते, पण आहेत. दात घासायच्या, कोरायच्या हत्यारांनी मी त्यांच्या अंगावरचं जास्तीचं प्लास्टिक काढतो. आतल्या दाढेत आरशात बघून काम करायची सवय असल्याने हात हलत नाही. पांढऱ्या कोटांच्या घड्यांमध्ये करडी सावली, प्रत्येक पलटणीच्या कॉलरचा रंग पुस्तकातल्या चित्राबरहुकूम, बटणं त्या पलटणीची पिवळी असतील तर पिवळी, पांढरी असतील तर पांढरी. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो. त्या वेळात माझ्या वयाची माणसं झोपतात. मी बटणं रंगवतो.

त्याचे सैनिक राणी कलरचे आहेत. म्हणजे होते. फ्रेंच पायदळाचा कोट निळा असतो हे त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पुस्तकातलं चित्रही दाखवलं होतं. त्याने मान डोलावली आणि मांडवाच्या खांबांसाठी आणलेला ऑइलपेंट उरला होता तो फासला. कोट राणी, पँट पोपटी, बूट सोनेरी. रंगाचा थर इतका जाड की बंदूक कुठली आणि हात कुठला कळायचं नाही. आणि प्रत्येकाला मिशी. अगदी ढोल वाजवणाऱ्या पोरालासुद्धा.

"भाऊ, हे निळे पाहिजे होते," मी म्हणालो होतो.

"निळे कोनाले दिसते डाक्टर? लांबून दिसले पायजे. स्टेजवरचा नवरदेव कसा मागच्या खुर्चीवरून दिसते, तसं."

ज्याच्या डोक्यात सगळं जग एक स्टेज आहे आणि मागच्या खुर्चीवर कोणीतरी काका बसलेले आहेत, त्याला कॉलरच्या रंगाचं महत्त्व समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मग त्याच्याशी खेळतो कशाला, हा प्रश्न माझी बायको विचारते, आणि त्याचं उत्तर एवढंच की दुसरं कोणी नाही. बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत हा खेळ खेळणारा तिसरा माणूस मला सापडलेला नाही. एक इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राध्यापक होता, तो पुण्याला गेला आणि तिथे त्याला लगेच बरेच लोक मिळाले. मी काही वर्षं एकटाच रंगवत राहिलो. मग हा माणूस दाढ दुखते म्हणून आला. त्याची सासुरवाडी राजापेठेतच आहे. टेबलावरच्या दिव्याखाली एक घोडेस्वार वाळत ठेवला होता. तोंडात कापूस असताना त्याने बोटाने विचारलं, हे काय? मी सांगितलं. दाढ झाल्यावरही तो खुर्चीतून उठेना. "मले शिकवा," म्हणाला. बाहेर पेशंट थांबलेले होते.

मी शिकवलं. का शिकवलं हेही कबूल करतो: मला मित्र नको होता, मला हरणारा हवा होता. इंग्रजी नियमपुस्तक त्याला वाचता येणार नाही, नियम मी सांगेन तोच राहील, हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही.

सामने बहुतेक त्याच्या लॉनवर व्हायचे, कारण जागा त्याच्याकडे होती. मुहूर्त नसले की लॉन रिकामं असतं. वधूकक्षात एसी आहे, तिथे तो जेवणाचं मोठं टेबल लावायचा आणि त्यावर हिरवं सॅटिन अंथरायचा, खाली झालर. झालर! टेकड्या थर्माकोलच्या, त्यांना प्लास्टिकचं गवत चिकटवलेलं. नदी म्हणून निळा पन्नीचा कागद, त्याखाली लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. एकदा त्याने पुलाच्या दोन्ही टोकांना छोटी कमान उभी केली होती, झेंडूच्या खोट्या माळा लावून. बसायला राजा-राणीच्या लाल मखमली खुर्च्या. मी म्हणालो साध्या खुर्च्या नाहीत का, तर म्हणाला, "हाय न, पन तुमी पावने."

पाहुणे. हा त्याचा दुसरा रोग. नियमपुस्तकात लिहिलं आहे की सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकावा, ज्याचा आकडा मोठा त्याने ठरवावं की पहिली चाल कोणाची. त्याच्या लॉनवर हे कधी झालं नाही. मी फासा उचलला की तो माझ्या हातावर हात ठेवायचा. "ठेवा तो. माया घरी पावन्याचा पयला हात. आमच्या तेल्हाऱ्याले सोंगट्या खेळतानाही असंच." तो मूळचा तेल्हाऱ्याचा. अमरावतीला माझ्याकडे खेळायला आला की मात्र मी नियमाप्रमाणे फासा टाकायला लावायचो. त्याला ते विचित्र वाटत असावं. लॉनवर गोळीबाराचे फासे तो टाकायचा तेही स्टीलच्या परातीत, खणखण आवाज करत, मुठीत फुंकर मारून, "चाल माया राजा, दाखव याईले." टाइल्सच्या त्या खोलीत तो आवाज दाताच्या मशिनीसारखा डोक्यात जायचा.

आता यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट.

नागपूरच्या खेळणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात मी फोटो टाकतो. कोणी म्हणतं, सर, अप्रतिम, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. एका सामन्यानंतर मी माझ्या पहिल्या पलटणीचा फोटो टाकला, आणि कोपऱ्यात त्याचे राणी कलरचे लोक आले होते ते माझ्या लक्षात आलं नाही. एकाने विचारलं, "सर, हे बँडवाले कुठल्या बाजूने लढतात?" खूप जण हसले. मी लिहिलं, "स्थानिक मित्र आहेत. चालवून घ्यावं लागतं."

तो त्या ग्रुपमध्ये नाही. त्याला ते कधी कळणार नव्हतं. तरी पाठवल्यावर मी फोन उलटा करून ठेवला.

पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याच ग्रुपवर बोलावणं आलं की दिवाळीनंतर नागपूरला जोडीचे सामने आहेत, तुम्ही तुमच्या जोडीदाराला घेऊन या. माझा जोडीदार म्हणजे हाच. त्या सोनेरी बुटांसकट. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. शेवटी ठरवलं की काहीही करून त्याचं सैन्य आपण नव्याने रंगवायचं. सरळ विचारलं असतं तर तो "कावून?" म्हणाला असता, आणि त्या 'का?'ला माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हणून मी पैज लावली.

अकोल्याला पोचलो तेव्हा तो वधूकक्षाच्या आरशासमोर स्टुलावर बसून पाटोडीचा रस्सा वाटीतून चाखत होता. मी म्हणालो, आजच्या सामन्याला काहीतरी लावू. मी जिंकलो तर तुमचं सगळं सैन्य मी घेऊन जाणार आणि फ्रेंचांच्या खऱ्या रंगात रंगवून देणार. नागपूरला ते तसंच न्यायचं.

त्याने वाटी ठेवली. "आन मी जिंकलो त?"

"तुम्ही सांगा."

तो माझ्या डब्याकडे बघत राहिला. मग उठून माझी पहिली पलटण, जिच्या कॉलरला मी पाच वेळा वेगवेगळ्या छटा देऊन पाहिल्या होत्या, ती त्याने एकेक करून टेबलाच्या कडेला मांडली. रश्श्याच्या बोटांनी. "हे माये. यायले राणी कलर. सोनेरी बूट. नागपूरले दोन्ही बँड सोबत वाजतीन."

बँड हा शब्द ऐकून मी चटकन त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलं की काय? नव्हतं कळलं. त्याला स्वतःलाच ते तसे दिसत होते आणि त्यात त्याला आनंद होता.

मी हो म्हणालो. हो म्हणताना मनात पक्कं होतं की हा माणूस आजवर माझ्याविरुद्ध एकदाही जिंकलेला नाही. तरी त्या पलटणीच्या पांढऱ्या कोटांवर तो मांडवाचा ब्रश फिरताना मला दिसत होता, आणि सामनाभर माझ्या हाताला घाम होता. रुग्णाच्या तोंडात सुई घालताना कधी येत नाही तो.

त्या दिवशीची लढाई टेकडीची होती. टेबलाच्या मधोमध एक टेकडी. आठव्या फेरीच्या शेवटी ती ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. मी मांडणी करतानाच त्याला दोनदा टोकलं. तुमची तोफ रेषेच्या पुढे आहे. ही पलटण अर्धा इंच बाहेर. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. तो निमूटपणे मागे सरकवत होता.

मग मी फासा उचलला, आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"पावन्याचा पयला हात."

त्या टेबलावर पहिली चाल कोणाची याला त्या दिवशी फार किंमत होती. टेकडी दोन्ही बाजूंपासून सारखीच लांब. ज्याची चाल पहिली त्याचे घोडेस्वार आधी वर जाणार आणि वर गेलेल्याला खाली ढकलणं अवघड. हे मला माहीत होतं. मांडणी मीच केली होती. त्याला हे कळत नव्हतं असं मी तेव्हा मानलं.

मी "नाही भाऊ, आज पैज आहे, फासा टाकू" असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "बरं, तुमच्या घरचा रिवाज," आणि फासा खिशात टाकला.

तिसऱ्या फेरीत माझे घोडे टेकडीवर होते. पाचव्या फेरीत त्याने परात वाजवून असे काही फासे टाकले की माझे अर्धे घोडेस्वार गेले, आणि तो खुर्चीवरून उठून नाचला. खरोखर नाचला. मखमली खुर्चीला धरून, वरातीत नाचतात तसा. "डाक्टर, तुमचे पांढरे कपडे धुवाले टाका आता!" त्याची बायको दारात येऊन बघून गेली. तिला मी दिसलो असेन तो टेपमापाची पट्टी आत-बाहेर करत बसलेला.

आठव्या फेरीत त्याची एक राणी पलटण टेकडीच्या पायथ्याशी आली. तिने वर पाऊल टाकलं असतं तर टेकडी वादात, आणि वादातली टेकडी ज्याची माणसं जास्त त्याला मिळते; जास्त त्याची होती. मी टेप लावला. अर्धा इंच कमी पडत होता.

"राहू द्या न भाऊ," तो म्हणाला. "अर्धा इंच त यायच्या अंगावर रंगच हाये!"

मी हसलो नाही. "कमी आहे."

तो टेबलाशी वाकला, डोळा टेकवून टेपच्या बाजूने बघितलं, आणि सरळ झाला. "हाव. कमी हाये." तक्रार नाही, काही नाही. आतून साडीचा एक रिकामा खोका आणला, त्यात खाली टिश्यू पेपर घातले आणि सैन्य भरायला लागला. मी मदत करू गेलो तर म्हणाला, "तुमी जेवा. गरम हाय. आन हे पाहा, ढोलवाला सैल हाये, त्याचा हात सांभाळजा. आंघोळ घाला साऱ्याईले चांगली."

मी त्याचं पाटोडी-रस्सा, भाकरी, मिरचीचा ठेचा सगळं पोटभर खाल्लं. चवीने खाल्लं. परतताना मूर्तिजापूरच्या पुढे गाडी थांबवून मी मागच्या सीटवरचा खोका उघडून बघितला आणि मला हसू आलं, ते चांगल्या माणसाचं हसू नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी सुखात होतो. दुपारी शटर अर्धं ओढायचं आणि थिनरमध्ये एकेक राणी माणूस बुडवायचा. मऊ टूथब्रशने घासला की रंग सायीसारखा सुटायचा. खाली किती सुबक काम होतं! कोटाच्या शेपट्या, पाठीवरच्या पिशवीचे पट्टे, चेहऱ्यावरचा ताण, सगळं त्या थराखाली गुदमरलेलं. मिश्या सगळ्यांत शेवटी जायच्या. त्याने त्या काळ्या पेनाने काढल्या असाव्यात. त्या घासताना मी चक्क पुटपुटायचो, "जा, आता माणसात ये." कंपाउंडर आत आला तर गप्प व्हायचो.

मग प्रायमर, मग निळा, निळ्यावर गडद निळी सावली, पांढरे पट्टे, लाल गोंडे. दसऱ्यापर्यंत पूर्ण झालं. ग्रुपवर फोटो टाकला. नागपूरचा तोच माणूस म्हणाला, "सर, बँड गेला वाटतं?" मी हसणारं तोंड पाठवलं.

खटकायला लागलं ते नंतर. रंगाचं नाही. रंगाबद्दल मला अजूनही वाटतं की मी चांगलं काम केलं. खटकत होता तो खिशात टाकलेला फासा. ज्या माणसाला मी अर्धा इंच सोडला नाही त्याच्याकडून मी आख्खी पहिली चाल घेतली होती, नियमाच्या बाहेर, फुकट. ती घेतली नसती तर टेकडी बहुधा त्याची होती. मी रात्रीच्या जेवणावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना द्या ना परत तसेच, उगाच का उकरता?"

"खरं सांगायला पाहिजे."

"त्यांना ऐकायचंय का, की तुम्हाला मोकळं व्हायचंय?"

मी म्हणालो, तुला खेळातलं कळत नाही. तिला खेळ नसेल कळत, पण मी कळतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तो सैन्य न्यायला आला तो रविवार होता. दवाखान्याच्या वर आमचं घर. खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न, वर स्वयंपाकघरातून वरणाला फोडणी दिल्याचा वास. त्याने सीताफळांची पिशवी आणली होती, तेल्हाऱ्याकडची. बायकोला म्हणाला, "वैनी, पिकायले आले हाये, आजच खा." मग माझ्याकडे वळून, "कुठं हाये माये पोट्टे?"

मी निळं सैन्य टेबलावर माझ्या पहिल्या पलटणीसमोर मांडून ठेवलं होतं, खिडकीजवळ, उजेडात. तो वाकला. एक उचलला, पण आधी हाताची बोटं शर्टाला पुसली. असं त्याने याआधी कधी केलं नव्हतं.

"लय बारीक काम हाये," तो म्हणाला. "बटनं बी दिसून राह्यले." आणि मग, "हे धराले काही होत त नाही न? रंग त नाही निंघत?"

"नाही. वॉर्निश आहे."

त्याने सैनिक जिथून उचलला तिथेच ठेवला, अगदी त्याच जागी. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगितलं. लांबलचक, सगळं, क्रमाने. टेकडीचं, पहिल्या चालीचं, नियमपुस्तकाचं, खिशातल्या फाशाचं. म्हणालो, "ती चाल मी घ्यायला नको होती. त्यामुळे पैज खरं तर मी जिंकलो नाही. मी माघार घेतो. हवं तर मी तुमचे सैनिक पुन्हा जसे होते तसे करून देतो. किंवा माझी पहिली पलटण घ्या, रंगवा."

बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मी काहीतरी बघितलं जे आधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते मला ओळखू यायला वेळ लागला, कारण ते माझ्या चेहऱ्यावरचं होतं. तो माझ्याकडे तुच्छतेने बघत होता.

"तुमाले काय वाटलं, मले मालूम नव्हतं?" तो म्हणाला. "टेकडी मधात हाये, पयले जाईल तो चढीन, हे पोट्ट्याले बी समजते डाक्टर. पैज लागली म्हून का पावन्याले मांगं बसवू? तो मान होता. तुमाले देला होता."

"पण नियमाने..."

"नियमानं देला नव्हता न. म्हून त मान म्हंते त्याले." त्याने चष्मा काढून पुसला. "आन तुमी तो वापस करून राह्यले. अशी वस्तू वापस करते का कोनी? पोटभर जेवून गेले, आन दोन महिन्यांनं येऊन म्हंता, जेवन नको होतं, हे घ्या?"

मी काहीतरी बोलायला गेलो. तो थांबला नाही, पण आवाजही चढवला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. चढवला असता तर मला त्याला पुन्हा अडाणी म्हणता आलं असतं.

"राणी कलर तुमाले आवडत नव्हता, बरोबर हाये. पैज हारलो, रंग गेला, मले काही दुःख नाही. पन हे तुमी जे आत्ता केलं न, हे नव्हतं कराले पायजे."

बायको ताटं घेऊन बाहेर आली. तो म्हणाला, "नाही वैनी, आज नाही. सासुरवाडीले सांगून ठेवलं." ती म्हणाली, "असं कसं भाऊजी, पानं वाढली." तो म्हणाला, "ते नाराज होतीन." सासुरवाडीला सांगितलेलं नव्हतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे तो आजवर कधी न जेवता गेला नव्हता.

त्याने साडीचा खोका उघडला आणि निळं सैन्य भरायला सुरुवात केली. टिश्यू पेपरात एकेक वेगळा गुंडाळून. माझे इतके नाजूक हात, पण मीही इतक्या सांभाळून भरले नसते. दुसऱ्याची वस्तू पोचवायला नेताना माणूस भरतो तसं तो भरत होता. मी शेजारी उभा राहून खोक्याचं झाकण धरलं होतं.

"नागपूरचं?" मी शेवटी विचारलं. "दिवाळीनंतरचं? आणि आपला पुढचा सामना?"

टेबलावर माझे फासे पडले होते त्यातला एक त्याने उचलला. फुंकर मारली नाही. नुसता टाकला. फासा निळ्या सैन्याच्या रिकाम्या जागेतून घरंगळत गेला आणि माझ्या ऑस्ट्रियन पलटणीच्या पायाशी थांबला. चार.

"बरं," तो म्हणाला, आणि खोका उचलला.

आणि मी, तशाही वेळी, म्हणालो, "पण कशाचा काय अर्थ ते आधी सांगायला पाहिजे होतं ना. किती आलं तर हो, किती आलं तर नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. हसला असता तर बरं झालं असतं. "तुमीच ठरवा आता. तुमाले सारे नियम येते." वाकून बायकोला नमस्कार केला आणि जिना उतरला. खाली क्लासच्या पोरांनी जिन्यासमोर आडव्या लावलेल्या गाड्या एका हाताने बाजूला सारत त्याने वाट केली, दुसऱ्या हाताने खोका आडवाच धरून, जरासुद्धा न हलवता.

याला आता पंधरवडा होत आला. फासा अजून तिथेच आहे, मी बायकोला उचलू दिलेला नाही. नागपूरवाल्यांना जोडीदाराचं नाव कळवायचं राहिलं आहे. अकोल्याला फोन लावायचा तर आधी मला ठरवायला हवं की चार म्हणजे हो. ते मी ठरवू शकतो, माझ्यावरच सोपवून गेला आहे तो. पण ज्या आकड्याचा अर्थ टाकल्यानंतर ठरतो त्यावर फोन कसा लावायचा, हे मला समजत नाही. परवा दुपारी दवाखाना बंद असताना मी नियमपुस्तक काढून बघितलं. अशा फाशासाठी त्यात काहीही दिलेलं नाही.